कारण विचार, मग वळण उचल

तू पाठवलेली पोस्टरं पाहिली. रंग छान आहेत, मांडणीत जीव आहे. पण नाटकाचं नाव वाचायला मला चष्मा पुसावा लागला. चष्मा जुना आहे, मान्य. पण अगं, मराठी नाटकाचं तिकीट काढणारा माणूसही बहुतेकदा माझ्याच वयाचा असतो. तो रिक्षात बसून, हलत्या हातातल्या फोनवर तुझं पोस्टर बघणार. नाव, नाट्यगृह आणि वेळ त्याला कळली नाही, तर तुझ्या रंगसंगतीचं कौतुक करायला तो थांबणार नाही.

म्हणून हे लिहितोय. यातलं बरंचसं माझं नाही. ज्यांचे ब्रश धुतले त्या मास्तरांनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या मास्तरांनी. तुमच्या कॉलेजात याच गोष्टींना भारदस्त नावं असतील. ती परीक्षेत लिही, काम करताना हे आठव.

अक्षर लिहून झालं की भिंतीला लाव आणि मागे सरक. तुम्ही पोरं पडद्यावर चारपट मोठं करून वळणं घासत बसता, म्हणून सांगतो. वाचणारा कधीच इतका जवळ येत नाही. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब आहे: दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर अक्षर निदान एक इंच उंच हवं. चाळीस फुटांवर रस्ता असेल तर चार इंच. हा हिशेब रोमन अक्षरांवरून आलेला आहे, त्यामुळे देवनागरीत वापरताना माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच धर. वरची वेलांटी आणि खालचा उकार त्यात मोजलास तर अक्षर आपोआप लहान होतं, आणि पाटी मोठी असूनही नाव दिसत नाही. शिवाय शब्दात जोडाक्षर असेल तर माप त्याच्या सगळ्यात दाटलेल्या भागावरून ठरव. ‘महाराष्ट्र’ लिहिताना म आणि ह कुणालाही जमतात. पाटी अडते ती ष्ट्र पाशी.

मागे सरकलीस की डोळे अर्धवट मिटून बघ. जे अक्षर गोळा होऊन काळा डाग दिसतं, ते बिघडलेलं. मग कागद उलटा टांग. उलट्या कागदावर अर्थ पळून जातो आणि नुसते काळे-पांढरे आकार उरतात. कुठे भोक पडलंय, कुठे गर्दी झालीय, ते लगेच दिसतं. शेवटी काम अशा माणसाला दाखव ज्याला ते काय आहे हे ठाऊक नाही. वॉचमन, कुरिअरवाला, कोणीही चालेल. पण ‘कसं वाटतंय?’ असं विचारू नकोस. माणसं सभ्य असतात, छान म्हणतात. पाच सेकंद दाखव, झाक आणि विचार, ‘काय लिहिलं होतं?’

आता अक्षराच्या पोटाकडे वळू. आपल्याकडे नवशिका माणूस काळ्या रेषेकडे बघतो. जुना माणूस रेषेच्या आतल्या पांढऱ्या जागेकडे बघतो. व, ब, ष, ण, क्ष यांच्या पोटात जी हवा असते, तिच्यावर अक्षर ओळखलं जातं. तू ठसा जाड केलास की रेषा बाहेर वाढते तशी आतही वाढते आणि ब चं पोट भरून तो व होतो. ठळक अक्षर हवंच असेल तर आधी रुंदी वाढव, मग जाडी. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मोदक’ नावाचा टाइप बघ. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला. अक्षरं इतकी गुबगुबीत की आतल्या पांढऱ्याची नुसती चीर उरलीय. पण ती चीर कुठे ठेवायची ते नेमकं ठरवलेलं आहे, म्हणून वाचता येतं. मोठ्या मथळ्याला तो टाइप बहार आणतो. त्याच टाइपात निमंत्रणाचा मजकूर टाकलास तर पाहुणे चुकीच्या तारखेला येतील.

शिरोरेषेबद्दल मात्र सावकाश सांगतो, कारण हल्ली सगळ्यांना ती काढून टाकायची हौस आली आहे. दिसायला आधुनिक वाटतं, खरं आहे. पण घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या जोड्या एकमेकांपासून वेगळ्या राहतात त्या बऱ्याच अंशी शिरोरेषेमुळे. म च्या डोक्यावरची रेघ पुरी असते, भ ची डावीकडे तुटून गाठ मारते. रेघच नसेल तर सगळा भार त्या छोट्या गाठीवर पडतो. तेव्हा रेघ काढायची तर गाठ मोठी कर, ठळक कर, आणि दोन शब्दांमधलं अंतर वाढव. कारण शब्द कुठे संपतो हेही आपल्याला ती रेघच सांगत असते. एवढं करायची तयारी नसेल तर रेघ राहू दे. दुसरं जुनं दुखणं म्हणजे ख. त्यातला र आणि व सुटे पडले की ‘खाना’चा ‘रवाना’ होतो. म्हणून तर लिपी सुधारणारांनी ख चा पाय जोडून टाकला. तुझ्या हाताच्या अक्षरातही तो जोड.

संगणकानं एक वाईट खोड लावली आहे: रोमन अक्षराला जे शोभतं ते सगळं देवनागरीवर करून बघायचं. इंग्रजी नावातली अक्षरं लांब लांब ठेवली की शब्द श्रीमंत दिसतो. देवनागरीत तसं केलंस की शिरोरेषा फाटते आणि एका शब्दाची सुटी अक्षरं होतात. अंतर हवंच असेल तर हातानं रेघ जोडून घ्यावी लागते, किंवा अक्षरंच मुळात रुंद काढावी लागतात. नुसतं तिरकं करणंही तसंच. यंत्रानं ढकललेली अक्षरं वाऱ्यानं कलल्यासारखी दिसतात, जोर कुठेच येत नाही. आणि अक्षराभोवती बाह्यरेषा देताना तर हमखास फसगत होते. टाइपात शेजारच्या दोन अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढवलेल्या असतात. बाह्यरेषा दिली की प्रत्येक सांधा उघडा पडतो आणि शब्दावर टाके घातल्यासारखे दिसतात. आधी शब्दाचा आकार करून घे, सगळे तुकडे एकात एक मिसळ, मग बाहेरून रेघ दे. रस्त्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हे टाके रोज दिसतील. ते फ्लेक्स नुसते हसण्यावारी नेऊ नकोस. काय करू नये याचं एवढं फुकट शिक्षण दुसरीकडे मिळत नाही.

मराठी म्हणून काही गोष्टी आपल्याच आहेत. आपला ल पाकळीचा आणि श देठाचा. राज्य शासनानं २००९ साली लिपीबद्दल जो निर्णय काढला, त्यातही हीच रूपं सांगितली आहेत. पुष्कळ टाइपांत समोर येतात ती हिंदी रूपं. ज्यांत सोय केलेली असते त्यांत मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की अक्षरं आपोआप बदलतात. हे एक बटण दाबायला कुणाला वेळ नसतो. तसाच आपला रफार आणि ऱ्य मधला अर्धा र यांतला फरक. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत पंगत कोणी जेवायची आणि कोणी रांधायची एवढा फरक आहे. टाइप निवडण्याआधी असे शब्द लिहून बघ. मी तर कुठलाही नवा टाइप हातात आला की त्याला आधी ‘दऱ्याखोऱ्या’ लिहायला लावतो.

ओळींमध्ये हवा ठेव. आपली लिपी वरही वाढते आणि खालीही. वरच्या ओळीतला ‘कृ’ आणि खालच्या ओळीतली ‘र्की’ एकमेकांत अडकली की डोळा अडखळतो. इंग्रजी मजकूर जेवढ्या आकारात आणि जेवढ्या अंतरात बसतो, तेवढ्यातच मराठी बसवायचा आग्रह ग्राहक धरेल, कारण द्विभाषिक पत्रकात दोन्ही रकाने सारखे दिसायला हवेत असं त्याला वाटतं. सारखे दिसायला हवेत म्हणूनच मराठीचा आकार मोठा ठेवावा लागतो, हे त्याला समजावून सांग. इंग्रजी बारा पॉइंट असेल तर मराठी साधारण चौदा, आणि ओळीतलं अंतर त्याहून सढळ. टाइपाप्रमाणे हे बदलतं. आकड्यापेक्षा शेजारी ठेवून डोळ्यानं ठरव.

रंगाचं फार सांगत नाही, तू माझ्यापेक्षा हुशार आहेस. एकच कर: काम पूर्ण झालं की त्याचं कृष्णधवल करून बघ. तांबडं आणि निळं दोन्ही सारखंच करडं झालं तर कागदावरही ते एकमेकांशी भांडणार. वेबसाइटसाठीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ : १ एवढा उजळ-गडद फरक सांगितलाय, मोठ्या अक्षरांना ३ : १. पडद्यासाठी तो मोजून घे. मोजणारी साधनं फुकट मिळतात. काळ्यावर पांढरं, ज्याला आम्ही रिव्हर्स म्हणतो, ते करताना बारीक रेषा थोड्या जाड कर. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि पांढऱ्या बारीक रेषा गिळून टाकते. मागून दिवा लावलेल्या बोर्डावर उलटं होतं: तिथे पांढऱ्या जमिनीचा उजेड काळ्या बारीक रेषा खातो. आणि फोटोवर अक्षरं टाकायची असतील तर फोटोतली शांत जागा शोध. शांत जागा नसेल तर दुसरा फोटो शोध. सावल्या आणि चकाकी देऊन अक्षर वाचवायला जाणं ही शेवटची पायरी. तू पहिल्याच पायरीवर ती केली आहेस.

हे सगळे नियम कुठून आले? पुस्तकातून फार थोडे. एकानं काही केलं, दुसऱ्यानं ते पाहिलं आणि त्याच्यामागे काय आहे ते ओळखलं, असे आले. आमच्या वेळी वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान ही आमची शाळा होती. एका पानावर कितीतरी नाटकं, प्रत्येकाला एक-दोन रकान्यांची जागा, कागद हलका, छपाई त्याहून हलकी. त्या गर्दीत कमल शेडगे यांचं अक्षर लांबून ओळखू यायचं. ते गेले २०२० मध्ये. विनोदी नाटकाचं नाव हसायचं, ऐतिहासिक नाटकाचं नाव छाती काढून उभं राहायचं, आणि तरीही दोन्ही एका नजरेत वाचता यायची. साहजिकच सगळे शेडग्यांसारखं करायला लागले. बहुतेकांनी वेलांटीचा झोक उचलला, कान्याची शेपूट उचलली, आणि नाव वाचता येईना.

मी त्यांची कात्रणं बटर पेपरखाली ठेवून गिरवत असे, आणि मला जे उमगलं ते असं: खेळ बहुधा एखाद्याच अक्षराशी चालतो, बाकीची अक्षरं शांत उभी राहून त्याला वाव देतात. झोक जिथे आहे तिथे वाचकाला अंदाज आधीच आलेला असतो. म्हणजे शब्द ओळखीचा झाल्यावर गंमत, त्याआधी नाही. हे माझं वाचन. तू स्वतः गिरवून दुसरं काही शोधलंस तर मला कळव.

गिरवायचं कसं, तेही सांगतो, कारण नुसतं गिरवून हात वळतो, डोकं वळत नाही. पहिल्या दिवशी वर बटर पेपर ठेवून शब्द जसाच्या तसा उतरव. दुसऱ्या दिवशी मूळ झाकून आठवणीनं काढ. मग एकावर एक ठेवून उजेडात धर. जिथे दोन्ही जुळत नाहीत, तिथे तुला मूळ वळणाचं कारण कळलेलं नाही. तेवढ्यावरच वेळ घालव. आणि खरी परीक्षा शेवटी: त्या कलावंतानं त्या शब्दात न लिहिलेलं अक्षर त्याच्या पद्धतीनं काढून दाखव. त्या शब्दात ग, न, प असतील तर तू झ, ळ आणि क्ष काढ. जमलं तर पद्धत तुझ्या हातात आली. अडलीस तर तू फक्त वळण चोरलं होतंस.

चोरणं म्हटलं म्हणून बिचकू नकोस. आपल्या सगळ्या अक्षरांचा वंश असाच चाललाय. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायचं काम करत. तिथे हाताखालून गेलेल्या शिशाच्या अक्षरांनी त्यांचा डोळा तयार झाला आणि पुढे १८६९ मध्ये त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरचा देवनागरी टाइप इतका नितळ झाला की पुढे कितीतरी वर्षं चांगलं देवनागरी म्हणजे काय, याचं मापच तो ठरला. मिशनच्या टाइपाची हुबेहूब नक्कल करून ते तिथे पोचले नाहीत. वाचणाऱ्याला कुठे त्रास होतो, हे त्यांनी घासता घासता पाहिलं असणार.

र. कृ. जोशींचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं. जे. जे. मध्ये शिकलेला माणूस, उल्का या जाहिरात संस्थेत कला दिग्दर्शक, नंतर पवईच्या आयआयटीत शिकवणारा. कागदावर हात सोडला की अक्षरांचं वादळ उठवायचे. तिथे वाचता येण्याची फिकीर त्यांनी मुद्दाम सोडलेली असायची. आणि विंडोजवर मराठी उघडली की वर्षानुवर्षं जे दिसायचं ते ‘मंगल’, तेही त्यांचंच. त्यात वादळ औषधालाही नाही. पडद्यावर बारीक आकारात, कारकुनापासून संपादकापर्यंत सगळ्यांना दिवसभर वाचायचंय, एवढंच त्यात पाहिलेलं. जोशींकडून काही घ्यायचं असेल तर ही दोन कामं शेजारी ठेव. एकच हात वाचक बदलला की किती बदलतो, ते मला दुसऱ्या कुणाकडे इतकं स्पष्ट दिसलं नाही.

सुलेखनकार अच्युत पालव जोशींना गुरू मानतात. पालवांनी उल्काच्या शिष्यवृत्तीवर मोडी लिपीचा अभ्यास केला. मोडीत ओळभर रेघ आधी मारून घ्यायची आणि मग हात न उचलता अक्षरं खाली टांगत जायचं. शब्द सुटे लिहायची पद्धत नाही. पेशव्यांच्या दफ्तरातल्या कारकुनाला ती धडाधड वाचता यायची. आज तुझ्या-माझ्यासमोर कागद ठेवला तर डोळे फिरतात. वाचनीयता अक्षरात जेवढी असते तेवढीच वाचणाऱ्याच्या सवयीत असते, हे मोडीइतकं कोणीच शिकवत नाही. पालवांनी मोडी आणि देवनागरी यांना एकत्र आणून ‘मुक्तलिपी’ घडवली. मोडीचा वेग घेतला आणि आजच्या वाचकाला ओळखू येईल एवढी देवनागरी शिल्लक ठेवली. आता ती बघून पोरं कट निबचे फराटे मारतात आणि त्याला सुलेखन म्हणतात. वेगाचा अर्थ घाई नव्हे, एवढं तरी कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

घेणं फक्त आपल्याच गल्लीतून करू नकोस. चित्रपटांच्या पोस्टरवर दिवाकर करकरे पॅलेट नाइफनं रंगाचे जाड पट्टे ओढत. ती तऱ्हा पुढे पुष्कळ हिंदी पोस्टरांवर दिसू लागली. त्या खडबडीत रंगावर नाव वाचायचं तर नाव सपाट आणि मोठं ठेवावं लागतं, हे तिथे बघ. चित्रकार हुसेन आयुष्याच्या सुरुवातीला मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते. एवढ्या मोठ्या मापात रेषा एका दमात ओढायची सवय त्यांच्या पुढच्या चित्रांत मला तरी दिसते. चित्रकार दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’ या दिवाळी अंकाचे जुने अंक रद्दीत मिळाले तर सोडू नकोस, मुखपृष्ठावर चित्र आणि नाव एकमेकांना कशी जागा देतात ते बघायला. आणि एसटीच्या जुन्या लाकडी पाट्या कुठे दिसल्या तर फोटो काढ. धुळीनं माखलेल्या गाडीवर, पहाटेच्या उजेडात, घाईत असलेल्या माणसाला गावाचं नाव कळावं म्हणून रंगवलेलं अक्षर आहे ते.

वहीत प्रत्येक कात्रणाखाली काय आवडलं हे लिहू नकोस, का चाललं हे लिही. ‘वेलांटी सुंदर’ असं लिहिलेलं कात्रण पुढच्या वर्षी तुला काही सांगणार नाही. ‘वरच्या ओळीत उकार होता म्हणून वेलांटी आखूड केली’ असं लिहिलंस तर दहा ठिकाणी उपयोगी पडेल. कुणाचं ते नावही लिही. ज्याचं घेतलंस तो हयात असेल तर त्याला आपलं काम दाखव आणि सांग, हे तुमच्यावरून सुचलं. आपल्या धंद्यातली म्हातारी माणसं अनोळखी नंबरचाही फोन उचलतात, आणि एकदा उचलला की लवकर ठेवत नाहीत. तेव्हा फोन करशील त्या दिवशी संध्याकाळ मोकळी ठेव, आणि हाताशी कागद असू दे.